श्रीनिवास रामानुजन : केंब्रिजमधला पहिला उन्हाळा

थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. २२ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळला जातो. १७२९ या संख्येची गोष्ट तर शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्यांच्या गणिताविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा माझा विचारही नाही. घर सोडून परमुलखात शिकायला गेलेला एक विद्यार्थी तेथे काय जेवत होता, कोणाबरोबर फिरायला जात होता आणि मोकळ्या वेळात काय करत होता, एवढेच सांगायचे आहे. आपण सारे नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून आलेले लोक. त्यामुळे ही बाजू आपल्याला चटकन कळेल असे वाटते.

रामानुजन यांचा जन्म १८८७ साली इरोड येथे झाला आणि बालपण कुंभकोणममध्ये गेले. हे गाव तंजावरजवळचे, म्हणजे जेथे भोसले घराण्याने पावणेदोनशेहून अधिक वर्षे राज्य केले त्या मुलखातले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. मिळकत बेताची, त्यामुळे घरी एखाद-दुसरा विद्यार्थी जेवायला-राहायला ठेवावा लागे. मुलगा गणितात विलक्षण, पण बाकीच्या विषयांकडे पाहायलाही तयार नाही. परिणामी कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजातही ते परीक्षेत नापास झाले. १९०९ साली जानकीअम्मा यांच्याशी लग्न झाले. १९१२ च्या मार्चमध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी मिळाली. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांना आपली सूत्रे लिहून पाठवली आणि तेथून आयुष्य बदलले.

केंब्रिज हे नाव तेव्हा मराठी घरांना नवे नव्हते. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे र. पु. परांजपे १८९९ साली तेथे सीनियर रँग्लर झाले होते आणि त्याचे कौतुक घरोघर झाले होते. परांजपे यांनी एकेक परीक्षा सर करत तेथपर्यंत मजल मारली होती. रामानुजन यांच्यापाशी साधी पदवीही नव्हती.

समुद्र ओलांडायला आईची परवानगी मिळेना. कर्मठ वैष्णव घर, जातीबाहेर पडण्याचे भय. अखेर आईला नामगिरी देवीचा स्वप्नात दृष्टांत झाला आणि तिने होकार दिला, असे सांगतात. निघण्यापूर्वी शेंडी कापावी लागली. तेव्हा त्यांना रडू आवरले नाही. १७ मार्च १९१४ रोजी ते मद्रासहून 'नेवासा' बोटीने निघाले आणि १४ एप्रिलला लंडनला पोहोचले. वय २६. शिष्यवृत्ती वर्षाला अडीचशे पौंड. त्यांतलेच काही पैसे घरी आईकडे जातील अशी व्यवस्था त्यांनी निघतानाच करून ठेवली होती. आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी पहिल्या पगारातून हेच केले आहे.

बोटीवरून उतरल्यावर त्यांना घ्यायला प्रा. नेव्हिल आपल्या भावाबरोबर मोटार घेऊन आले होते. मद्रासला व्याख्यानांसाठी आले असताना रामानुजन यांना इंग्लंडला येण्यास राजी करण्यात याच नेव्हिलसाहेबांचा मोठा वाटा होता. चार दिवसांनी ते त्यांना केंब्रिजला आपल्या घरीच घेऊन गेले. चेस्टर्टन रोडवरचे हे घर केम नदीच्या जवळच. सुरुवातीचे काही आठवडे रामानुजन नेव्हिल पतिपत्नींकडे राहिले.

वसंत ऋतू होता. इंग्लंडच्या थंडीशी अजून गाठ पडायची होती. झाडांना नवी पालवी, फुलांचा बहर, आणि दिवस इतके मोठे की रात्रीचे जेवण आटोपले तरी बाहेर उजेड. जूनमध्ये परीक्षा संपल्या की केंब्रिजचे विद्यार्थी होड्यांच्या शर्यती आणि नाचगाण्यांत रमतात, तेही त्यांच्या डोळ्यांसमोर चालले असणार. रामानुजन संशोधक विद्यार्थी होते, त्यामुळे त्यांना परीक्षाच नव्हती. ज्या परीक्षांनी त्यांना दोन कॉलेजांतून बाहेर काढले, त्यांची धास्ती या कॉलेजात उरली नाही.

त्रास होता तो साध्यासुध्या गोष्टींचा. भाज्या अनोळखी. सव्वीस वर्षे मोकळ्या राहिलेल्या पायांना बुटांचा जाच. पण ते आनंदात होते, असे नेव्हिल यांनीच नोंदवून ठेवले आहे. जूनमध्ये त्यांनी मित्राला पाठवलेल्या पत्रातही हार्डी, नेव्हिल आणि इतर मंडळी साधी, प्रेमळ आणि मदतीला तत्पर असल्याचे कळवले. त्याच महिन्यात ते ट्रिनिटी कॉलेजच्या व्हूएल्स कोर्टमधल्या खोलीत राहायला गेले. घरच्या जेवणाचा टप्पा येथे संपला.

ट्रिनिटीच्या भोजनगृहात त्यांना जेवता येईना. तेथे बटाटेसुद्धा प्राण्याच्या चरबीत तळलेले असण्याचा संभव. म्हणून खोलीतच गॅसवर ते स्वतः भात, सांबार, भाजी करू लागले. चिंच आणि खोबरेल तेल घरून टपालाने मागवत. आपल्या घरी गावाहून येणारा गोडा मसाला, कुळथाचे पीठ आणि आमसुले आठवा, म्हणजे त्या पार्सलाची किंमत कळेल. सगळा दिवस हार्डी यांच्याबरोबर गणितात आणि रात्री उशिरापर्यंत स्वतःच्या वहीत. मध्येच केव्हातरी स्वयंपाक. कधी दिवसातून एकदाच, कधी त्याहूनही अनियमित.

या काळात त्यांना एक जिवाचा मित्र मिळाला. किंग्ज कॉलेजात शिकणारा बंगाली विद्यार्थी प्रशांतचंद्र महालनोबिस. पुढे १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे महालनोबिस ते हेच. दोघांचे खाणे, भाषा, घरची रीत सगळे वेगळे. पण रविवारी दोघे मिळून लांबवर फिरायला जात. वाटेत रामानुजन शून्य, अनंत आणि ईश्वर यांविषयी बोलत. शून्य आणि अनंत यांच्या मिलनातून सगळ्या संख्या उपजतात, अशी काहीशी त्यांची कल्पना होती. महालनोबिस यांना ते सारे कळत होते असे नाही, पण ते ऐकत राहत. मैत्रीत बहुतेक वेळा एवढेच लागते.

महालनोबिस यांनी सांगितलेल्या आठवणी गोड आहेत. एका प्राध्यापकांचा तास चालू असताना फळ्यावरचे गणित पाहून रामानुजन यांचा चेहरा खुलला. त्यांना काही सांगायचे आहे का, असे प्राध्यापकांनी विचारताच ते उठले आणि अजून सिद्धही न झालेली उत्तरे त्यांनी फळ्यावर लिहून दाखवली. दुसऱ्या एका दिवशी महालनोबिस 'स्ट्रँड' मासिकातले एक कोडे घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. रामानुजन भाजी परतत होते. पळीही न थांबवता त्यांनी उत्तर सांगितले, तेही असे की त्या एकाच सूत्रात तशा सगळ्या कोड्यांची उत्तरे यावीत.

तिसरी आठवण मात्र हसता हसता गप्प करणारी आहे. रामानुजन रात्री थंडीने कुडकुडत होते, अंगात ओव्हरकोट घालून वर शाल गुंडाळून झोपत होते. महालनोबिस यांनी पलंग पाहिला, तर ब्लँकेटे होतीच. इंग्रजी पद्धतीप्रमाणे ती गादीखाली घट्ट खोचून वर चादर पसरलेली होती. ती उलगडून आत शिरायचे असते हे रामानुजन यांना ठाऊकच नव्हते आणि कोणाला विचारण्याचा संकोच. जगातल्या मोठमोठ्या गणितज्ञांना थक्क करणारा हा माणूस ऊब हाताशी असून थंडीत झोपत होता, आणि हे कळायला एक मित्र खोलीत यावा लागला.

करमणूकही होती. एकदा त्यांनी 'चार्लीज आंट' हे विनोदी नाटक पाहिले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, असे सांगतात. देशबांधवांना खोलीवर बोलावून जेवू घालण्याची त्यांना हौस होती आणि त्यांच्या हातच्या रसमची ख्याती होती. एका भारतीय मित्राचे लग्न ठरले म्हणून त्यांनी त्या जोडप्याला आणि आणखी एका पाहुणीला जेवायला बोलावले. रसम वाढले, पुन्हा वाढले. तिसऱ्यांदा वाढायला गेले तेव्हा पाहुण्या नको म्हणाल्या. थोड्या वेळाने पाहतात तो यजमान खोलीत नाहीत. ते तडक ऑक्सफर्डला निघून गेले होते. काही दिवसांनी त्यांनी तेथून त्याच मित्राला तार करून पाच पौंड मागवले आणि मग परत आले. इंग्रजांना हा विक्षिप्तपणा वाटला असेल. आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या आपल्या लोकांना त्यातली सल समजते. घरापासून हजारो मैलांवर स्वतः रांधून आग्रहाने वाढलेले होते ते.

त्या पहिल्या उन्हाळ्याचा शेवट ४ ऑगस्ट १९१४ रोजी झाला. इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरले. ट्रिनिटीच्याच एका चौकात जखमी सैनिकांसाठी इस्पितळ उघडले. विद्यार्थी लढाईवर गेले आणि कॉलेज ओस पडू लागले. हार्डींचे सहकारी लिटलवुड तोफखान्यात दाखल झाले. १९१५ साली महालनोबिसही शिक्षण आटोपून भारतात परतले. आपले चिंतामणराव देशमुख त्याच सुमारास केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकायला आले, म्हणजे भारतीय विद्यार्थी अगदीच नव्हते असे नाही. पण रविवारी हक्काने बरोबर निघणारा सोबती गेला तो गेलाच.

काम मात्र जोरात होते. मार्च १९१६ मध्ये संशोधनावर पदवी मिळाली. हार्डींबरोबर एकाहून एक सरस निबंध लिहून झाले. त्याच वेळी शरीर पोखरले जात होते. १९१७ च्या वसंतात त्यांनी अंथरूण धरले. पुढची दोन वर्षे एका रुग्णालयातून दुसऱ्यात. घरी सासू-सुनेचे पटत नव्हते, जानकीअम्मांची पत्रे त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली जात नव्हती आणि हळूहळू घरून येणारी पत्रेच आटली. हार्डी त्यांना रोज भेटत, पण घरच्या गोष्टी ना त्यांनी कधी विचारल्या, ना यांनी सांगितल्या. १९१८ च्या सुरुवातीला निराशेच्या भरात रामानुजन यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या रुळांवर उडी टाकली. गाडी वेळेत थांबल्याने जीव वाचला. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीचेही. मानसन्मान आले तेव्हा माणूस आतून थकलेला होता.

२७ मार्च १९१९ रोजी ते बोटीने मुंबईला उतरले. धक्क्यावर आई आणि भाऊ होते. त्यांनी पहिल्यांदा विचारले ते जानकीअम्मा कोठे आहेत, असे सांगतात. पुढे जेमतेम वर्षभर. तेवढ्यातही जानकीअम्मांच्या शुश्रूषेत त्यांनी अंथरुणावरून गणित चालू ठेवले. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासमध्ये वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा क्षय ठरवलेला त्यांचा आजार बहुधा यकृतातला आमांशाचा विकार होता आणि तो त्या काळीही बरा होण्यासारखा होता, असे मत नंतरच्या वैद्यकीय अभ्यासातून पुढे आले आहे.

रामानुजन यांच्यावर अन्याय झाला असे कोणी म्हणू शकणार नाही. शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली, गुरू असामान्य मिळाले, मानही मिळाला. नेव्हिल पतिपत्नींनी आपले घर दिले, महालनोबिस यांनी रविवार दिला. त्या घरातले दिवस आणि ते रविवार चालू राहते तर काय झाले असते, हा प्रश्न मनातून जात नाही.

आपल्या शहरातही दरवर्षी जून-जुलैमध्ये महाराष्ट्रातून मुले-मुली शिकायला येतात. वसतिगृहात राहतात, फोनवर घरी सगळे ठीक आहे म्हणून सांगतात. त्यांतली काही आरतीला येतात, मागे उभी राहतात आणि प्रसाद घेऊन निघून जातात. यंदा त्यांच्यापैकी एकाला तरी घरी जेवायला बोलवावे, आणि एखाद्या रविवारी त्याच्या खोलीवरही डोकावून यावे. ब्लँकेट उलगडले आहे की नाही, हे तेथे गेल्याशिवाय कळत नाही.

गणपती बाप्पा मोरया!