प्रोनी : ब्रेकच्या आधीचे

मेकॅनिकलच्या पोरांना प्रोनी हे नाव फक्त ब्रेकमुळे माहीत असतं. फिरत्या ड्रमला ठोकळे आवळायचे, वजन बघायचं, इंजिनची पॉवर काढायची. व्हायव्हात एवढं सांगितलं की सुटलो! पण या माणसाचं मला सर्वांत भारी वाटलेलं काम आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या विषयात बसतं.

गास्पार द प्रोनी यांचा जन्म १७५५ चा, फ्रान्समधला. शिक्षण पॅरिसच्या पूल व रस्ते बांधणीच्या सरकारी कॉलेजात. १७९८ मध्ये तिथलेच ते संचालक झाले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिथे दशमान पद्धत आली. काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग ठरले आणि नवे तक्ते करायचं काम प्रोनींकडे आलं. शिवाय १ ते २,००,००० संख्यांचे लॉगॅरिदमही हवे होते. एकट्याने जन्मभर बसूनही हे झालं नसतं.

अ‍ॅडम स्मिथ यांच्या पुस्तकात टाचणी कारखान्यातली कामाची वाटणी त्यांनी वाचली होती. तीच त्यांनी गणिताला लावली आणि तीन गट केले. वर पाच-सहा मोठे गणिती, त्यांनी फक्त सूत्रं निवडायची. मध्ये सात-आठ जाणकार, त्यांनी सुरुवातीचे आकडे काढून तक्ते आखून द्यायचे. खाली साठ-ऐंशी माणसं, त्यांनी नुसती बेरीज-वजाबाकी करायची. यांच्यात बरेच जण म्हणे केशभूषा करणारे होते. क्रांतीत सरदार गेले, त्यांचे केसांचे थाट गेले, यांची रोजीरोटीही गेली. प्रत्येक गणित दोनदा, वेगवेगळं करून ताडून बघत. गंमत म्हणजे ज्यांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काहीच येत नव्हतं, त्यांचेच आकडे जास्त बरोबर निघत, अशी नोंद पुढे चार्ल्स बॅबेज यांनी केली.

तक्ते हस्तलिखितच राहिले, प्रोनींच्या हयातीत छापले गेले नाहीत. पण खालच्या गटाचं काम यंत्रही करू शकेल, हे बॅबेजना पटलं आणि १८२२ मध्ये त्यांनी डिफरन्स इंजिनचा छोटा नमुना दाखवला. प्रोनींचा ब्रेक १८२१ चा. १८३९ मध्ये ते वारले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचंही नाव आहे.

आज क्लस्टरमध्ये जीपीयू, नवा सर्व्हर आणि जुना पीसी एकत्र असले, तर शेड्युलर हेच करतो. ज्याची जेवढी ताकद, त्याला तेवढं काम. सगळ्यांना सारखं वाटलं, तर जोरातली मशीन रिकामी बसून हळू मशीनची वाट बघते. आणि जुना पीसी काढूनच टाकला, तर त्याच्याकडून होणारं कामही गेलं. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एकाला 'तुला काही येत नाही' म्हणून बाजूला बसवतो, तेव्हा आपणही दुसरं काय करतो?