व्यापारी ते वजीर : ख्वाजा महमूद गवान

नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले आपल्या परिचयाचे आहेत. पण ज्या बहामनी वजिराने आपल्या वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन प्रांत केले, तो मूळचा व्यापारी होता, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

ख्वाजा महमूद गवान हे इराणातील गिलानचे. दरबारी वैरामुळे त्यांनी देश सोडला व व्यापार पत्करला. १४५३ साली, चाळिशी उलटल्यावर, ते माल घेऊन दाभोळ बंदरात उतरले आणि शाह मुहिब्बुल्लाह यांच्या दर्शनासाठी बीदरला गेले. सुलतान अलाउद्दीन अहमद यांनी त्यांना तेथेच ठेवून घेतले. पुढे सुलतान हुमायून यांनी त्यांस मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब दिला. वजीर झाल्यावरही त्यांची व्यापाऱ्याची नजर गेली नाही. अरबी घोडे ज्या बंदरात उतरत, ते मांडवी व जुवारी नद्यांमधील गोवा बेट त्यांनी १४७२ साली विजयनगरकडून जिंकले.

त्याच सुमारास बीदरला त्यांचा मदरसा उभा राहिला. इमारत तीन मजली, ग्रंथालयात सुमारे तीन हजार ग्रंथ, आणि शिक्षक व विद्यार्थी यांच्या राहण्या-जेवणाची मोफत सोय! आज वसतिगृहातील एका खोलीसाठी वर्गणी गोळा करताना आपली किती दमछाक होते, हे पालकांना सांगावयास नको. पुढे दारूगोळ्याच्या स्फोटाने मदरशाचा बराच भाग पडला. रंगीत फरशांचा एक मिनार मात्र अजून उभा आहे.

आता दुःखद भाग. ख्वाजांनी मोठे प्रांत तोडून चाराचे आठ केले, सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला आणि जमिनीची मोजणी करविली. सरदार चिडले. त्यांनी ख्वाजांच्या शिक्क्याचे बनावट पत्र ओरिसाच्या राजाच्या नावे तयार केले. सुलतान मुहम्मद तिसरे यांनी नशेत, चौकशीही न करता, ५ एप्रिल १४८१ रोजी त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला.

मग सुलतानांनी खजिनदारास बोलावून ख्वाजांची दौलत विचारली. इतिहासकार फरिश्ता सांगतो की हिशेब दोन निघाले. जहागिरीचा पैसा फौजेचा व सरकारचा. त्यास ख्वाजांनी स्वतःसाठी हात लावला नव्हता. इराणातून आणलेल्या चाळीस हजार लारी नाण्यांच्या भांडवलावर ते व्यापार चालवीत, नफ्यातून साधेपणाने जगत व उरलेले गरिबांस वाटीत. त्या खात्यात तीनशे लारी शिल्लक होत्या.