शाळेतून उभा राहिलेला सत्याग्रह : बादशहाखान

सविनय कायदेभंगाचा पाठ वर्गात शिकविताना दांडी, धारासना, सोलापूर आणि पेशावर ही नावे ओळीने येतात. पेशावरपाशी आलो की मुले हटकून एक प्रश्न विचारतात. पठाण तर लढवय्ये, घरोघरी बंदूक बाळगणारे. मग ते गोळ्या झेलत शांत कसे उभे राहिले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर परीक्षेच्या दोन गुणांत मावणारे नाही. ते खान अब्दुल गफारखान यांच्या चरित्रात आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते एका शाळेपासून सुरू होते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ही हकीकत पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

गफारखान यांचा जन्म १८९० साली पेशावरजवळच्या उत्मानझाई गावी झाला. वडील बेहरामखान हे गावचे मोठे जमीनदार. त्या काळी सरहद्द प्रांतात इंग्रजी शाळेत मूल घालणे म्हणजे दीन बुडविणे, असे गावचे मुल्ला सांगत असत. बेहरामखानांनी ही टीका सोसली आणि आपल्या दोन्ही मुलांना पेशावरच्या मिशन शाळेत घातले. थोरला मुलगा पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाला. तेच डॉ. खानसाहेब. धाकट्या गफारखानांच्या मनावर शाळेचे मुख्याध्यापक विग्रॅम यांच्या सेवावृत्तीचा ठसा उमटला. परक्या मुलखातून आलेला माणूस आपल्या मुलांसाठी झिजतो, मग आपल्या माणसांसाठी आपण काय करतो, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना.

सैन्यातील मानाची नोकरी त्यांच्याकडे चालून आली होती. परंतु एका गोऱ्या अधिकाऱ्याने आपल्याच एका हिंदी अधिकाऱ्याचा केलेला पाणउतारा त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्या नोकरीवर पाणी सोडले. पुढे विलायतेला जाण्याची तयारी झाली, पण आईचे मन दुसऱ्या मुलाला दूर पाठविण्यास तयार होईना. आईच्या शब्दाखातर तेही सोडले. मग या तरुणाने केले काय? वयाच्या विसाव्या वर्षी, १९१० साली, आपल्याच गावात शाळा काढली.

ही आणि हाजीसाहेब तुरंगझई यांच्या साहाय्याने निघालेल्या इतर शाळा सरकारच्या डोळ्यांत सलू लागल्या. १९१५ साली हाजीसाहेबांना इंग्रजी मुलूख सोडावा लागला आणि त्या शाळा बंद पडल्या. गफारखान मात्र खचले नाहीत. १९२१ साली त्यांनी उत्मानझाईत आझाद शाळा उघडली. एकीकडे सरकारचा दाब, दुसरीकडे काही मुल्लांचा विरोध, अशा कात्रीत हे काम चालले होते. गावोगाव पायी हिंडून ते मुले मागत. स्वतःची मुलेही त्यांनी याच शाळेत घातली.

यानंतरचा प्रसंग प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा असा आहे. प्रांताचे चीफ कमिशनर सर जॉन मॅफी यांनी वृद्ध बेहरामखानांना बोलावून घेतले. बाकीचे सारे लोक घरी स्वस्थ बसलेले असताना तुमच्याच मुलाला हा उपद्व्याप कशाला, असे त्यांना विचारले. वडील घरी येऊन मुलाला समजावू लागले. तेव्हा गफारखानांनी त्यांना विचारले की, उद्या सगळ्या लोकांनी नमाज सोडली तर तुम्ही मलाही ती सोडायला सांगाल काय? वडील म्हणाले, कधीच नाही. मुलगा म्हणाला, लोकांना शिकविणे हेही तसेच फर्ज आहे. वडिलांना ते पटले आणि कमिशनरचे म्हणणे त्यांनी मानले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गफारखानांना अटक झाली. तीन वर्षांची सक्तमजुरी, पायांत बेड्या आणि हातात जाते. शाळा मात्र चालू राहिली.

१९२४ साली ते सुटून आले. १९२८ साली त्यांनी पख्तून नावाचे मासिक काढले. त्यात स्त्रियांचेही लेख येऊ लागले. नोव्हेंबर १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार, म्हणजे ईश्वराचे सेवक, या संघटनेची स्थापना झाली. शाळेत शिकलेली मुले आणि त्यांचे भाईबंद तिचे पहिले आधार बनले. खिदमतगार होणारा अल्लाहच्या नावाने शपथ घेई. हिंसा करणार नाही, सूड उगवणार नाही, जुलूम करणाऱ्याला माफ करीन आणि रोज निदान दोन तास समाजसेवेला देईन, अशी ती शपथ होती. पिढ्यान्‌पिढ्या खुनाचा बदला खुनाने घेणाऱ्या समाजात ही शपथ घेणे सोपे नव्हते. गफारखान लोकांना सांगत की हे हत्यार नवे नाही. सब्र, म्हणजे धीर आणि सहनशीलता, हे आपल्या पैगंबरसाहेबांनी मक्केत वापरलेले हत्यार आहे. आपणच ते विसरलो.

पांढरी खादी लवकर मळे, म्हणून गरीब खिदमतगारांनी आपले कपडे गावात सहज मिळणाऱ्या विटकरी रंगात बुडविले. त्यावरून लोक त्यांना लाल डगलेवाले म्हणू लागले. त्यांना कवायत होती, शिस्त होती, पण हातात शस्त्र नव्हते.

या शिकवणुकीची कसोटी २३ एप्रिल १९३० रोजी लागली. मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटला होता. उत्मानझाईहून पेशावरला निघालेल्या गफारखानांना वाटेतच अटक झाली. पेशावरातील पुढारीही पकडले गेले. शहरातील किस्साखानी बाजारात निःशस्त्र लोक जमले. चिलखती मोटारी आल्या आणि गोळीबार सुरू झाला. पुढची रांग पडली की मागची पुढे सरके. सरकारी आकडा सुमारे ३० मृतांचा होता. विठ्ठलभाई पटेलांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसच्या चौकशी समितीने तो सुमारे १२५ असल्याचे म्हटले. त्याच पेशावरात गढवाली पलटणीच्या हिंदू शिपायांनी, चंद्रसिंह गढवालींच्या पुढाकाराने, निःशस्त्र मुसलमान बांधवांवर बंदूक चालविण्यास नकार दिला. त्यापायी चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. समोरचा माणूस हात उगारीत नाही, तेव्हा शिपायाच्या बंदुकीलाही विचार करावा लागतो, हे त्या दिवशी दिसले. दडपशाहीने संघटना मोडली नाही. उलट खिदमतगारांची संख्या हजारोंनी वाढली.

आपल्या महाराष्ट्राशीही बादशहाखानांचे नाते आहे. १९३४ साली हजारीबागच्या तुरुंगातून सुटल्यावर त्यांना स्वतःच्या प्रांतात पाऊल ठेवण्यास बंदी होती. तेव्हा ते वर्ध्याला गांधीजी व जमनालाल बजाज यांच्याकडे येऊन राहिले. विलायतेत शिकत असलेली आपली मुलगी मेहरताज हिला त्यांनी बोलावून घेतले आणि वर्ध्याच्या मुलींच्या आश्रमशाळेत घातले. काँग्रेसचे अध्यक्षपद देऊ केले असता, मी साधा शिपाई आहे, असे सांगून त्यांनी ते नाकारले. त्याच साली मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल त्यांना वर्ध्यातच पकडण्यात आले व दोन वर्षांची शिक्षा झाली.

पुढची कहाणी दुःखाची आहे. फाळणीला त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला. १९४७ साली काँग्रेसने फाळणी मान्य केली, तेव्हा आपल्याला वाऱ्यावर सोडले असे त्यांना वाटले. पाकिस्तानशी निष्ठेची शपथ घेऊनही १९४८ मध्ये त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. परके सरकार आणि स्वकीयांचे सरकार मिळून त्यांच्या आयुष्याची २५ वर्षांहून अधिक वर्षे बंदिवासात गेली. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीसाठी ते भारतात आले, तेव्हा गुजरातेत दंगली उसळल्या होत्या. सलोख्यासाठी त्यांनी तीन दिवसांचा उपवास केला. १९८७ साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न दिले. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरला त्यांचा इंतकाल झाला आणि अफगाणिस्तानात जलालाबाद येथे दफन झाले. तेथे युद्ध चालू होते, तरी त्यांच्या जनाज्यासाठी दोन्ही बाजूंनी बंदुका खाली ठेवल्या.

आता मुलांच्या प्रश्नाचे उत्तर. किस्साखानीत लोक उभे राहिले ते एका दिवसाच्या जोशाने नव्हे. वीस वर्षे कोणीतरी त्यांच्या दारी जाऊन मुले मागितली होती, त्यांना शिकविले होते, राग गिळण्याची सवय लावली होती. शाळा आधी झाली, सत्याग्रह नंतर.

पालकहो, दरवर्षी जून महिन्यात आमच्या हजेरीपटावरची काही नावे गळतात. कोणी गॅरेजवर जातो, कोणी दुकानावर बसतो, एखाद्या हुशार मुलीचे नाव आठवीनंतर दिसत नाही. आम्ही घरी जातो तेव्हा अडचणी खऱ्याच असतात, हे मी नाकारीत नाही. तरीही बेहरामखानांची आठवण ठेवावी, एवढीच विनंती. गावाची टीका आणि साहेबाचा दाब, दोन्ही त्यांच्यावर होते. त्यांनी मुलाला मिशन शाळेत पाठविले आणि त्याच मुलाच्या शाळेसाठी साहेबाला नकार दिला. एका बापाच्या या दोन निर्णयांतून केवढे मोठे काम उभे राहिले! आपल्या घरातील निर्णयही लहान समजू नये. अल्लाह आपणा सर्वांना इल्मची आणि सब्रची तौफीक देवो, हीच दुआ.