मध्यप्रांताचे तांबे गव्हर्नर

आमचे इच्छापूर बऱ्हाणपूरजवळचे, निमाडातले. इंग्रजी अमलात निमाड जिल्हा मध्यप्रांतात होता. म्हणून आमच्याकडील जुन्या मराठी घरांना नागपूरचे राजकारण परके नव्हते. त्या राजकारणातील श्रीपाद बळवंत तांबे यांच्याविषयी आज थोडे लिहावयाचे आहे.

तांबे अमरावतीचे वकील. जन्म १८७५ चा. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाने प्रांतिक कौन्सिलात बहुमत मिळविले, मंत्रिपदे नाकारली, आणि पुढल्या वर्षी मंत्र्यांचा पगार सालीना दोन रुपयांवर आणून द्विदल राज्यपद्धतीच बंद पाडली. अशा कौन्सिलाचे तांबे १९२५ साली अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सर मोरोपंत जोशी (तेही अमरावतीचेच) गृहखात्यावरून गेले. सरकारने ती जागा तांब्यांना देऊ केली. त्यांनी पक्षाला न विचारता ती पत्करली!

या जागेचे मोल वाचकांनी ध्यानात घ्यावे. गव्हर्नरी मतांनी मिळत नसे. पण गव्हर्नर रजेवर गेले की कार्यकारी मंडळातील सभासदाच्या हाती ती येऊ शकत असे.

मोतीलाल नेहरूंचा संताप अनावर झाला. केळकर-जयकरांचा उलट सवाल असा की, विठ्ठलभाई पटेल असेंब्लीचे अध्यक्ष झाले आणि खुद्द मोतीलालजी सरकारच्या स्कीन कमिटीवर बसले, ते कसे चालले? भांडण विकोपास गेले, आणि १९२६ साली प्रतियोगी सहकारवाद्यांचा निराळा पक्ष निघाला. डॉ. मुंजे त्यांतच गेले.

सर माँटेग्यू बटलर रजेवर गेले तेव्हा, १९२९ साली, तांबे हंगामी गव्हर्नर झाले. वऱ्हाडातल्या वकिलास हा मान लहान नव्हता.

आता बिलासपूरच्या राघवेंद्र रावांचे पाहा. तेही स्वराज्य पक्षाचेच पुढारी. १९२७ मध्ये ते मंत्री झाले, १९३० मध्ये तांब्यांमागून गृहखाते त्यांच्याकडे आले, आणि १९३६ साली तेही हंगामी गव्हर्नर! मोतीलालजी तेव्हा हयात नव्हते. दोष सगळा तांब्यांच्या माथी का, असे मला नेहमी वाटते. जागा घेतली यापेक्षा सोबत्यांना विचारले नाही, हेच मला खटकते.

१९३० साली तांबे लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेस गेले. मोतीलालजींनी त्याच वर्षी तुरुंगवास भोगला.