अल्बेरुनीने न वाचलेले वेद

परधर्माविषयी मत देण्यापूर्वी त्याचा धर्मग्रंथ साद्यंत वाचलाच पाहिजे, अशी अट घातली तर आपल्याकडील बहुतेक वाद आज सायंकाळीच मिटतील. मात्र या अटीने अल्बेरुनीचाही भारताविषयी लिहिण्याचा अधिकार जाईल.

अबू रैहान अल्बेरुनी ९७३ साली मध्य आशियातील ख्वारिझममध्ये जन्मला. गणित आणि ज्योतिष हे त्याचे विषय. १०१७ साली गझनीच्या महमुदाने ख्वारिझम जिंकले आणि इतर विद्वानांबरोबर त्यालाही गझनीस नेले. ज्या सुलतानाने पुढे सोमनाथ फोडले, त्याच्याच पदरी हा पंडित राहिला. चाळिशी उलटल्यावर तो संस्कृत शिकू लागला. पोथ्यांसाठी त्याने पैसा खर्च केला, दूरदूरचे पंडित गाठले. लेखकूंच्या हलगर्जीपणाने पोथ्या भ्रष्ट झालेल्या, उच्चार जिभेवर न बसणारे. या अडचणी त्याने मोकळेपणाने नोंदवल्या आहेत. सांख्याचा एक ग्रंथ आणि पतंजलीचे योगशास्त्र त्याने अरबीत नेले.

हिंदूंविषयी अरबीत त्यापूर्वीही पुस्तके होती. परंतु ती बहुतांशी ऐकीव, एकाने दुसऱ्याची उतरवलेली, ही त्याची तक्रार होती. १०३० साली महमूद वारला आणि त्यानंतरच्या काही महिन्यांतच अल्बेरुनीचा ८० प्रकरणांचा ग्रंथ सिद्ध झाला. हिंदूंचे म्हणणे जसे आहे तसे मांडायचे, खंडन करायचे नाही, ही त्याची प्रतिज्ञा.

तरीही वेद त्याने पुरते वाचलेले नव्हते. ते मुखोद्गत असत. काश्मिरातील वसुक्र नावाच्या ब्राह्मणाने नुकतेच कोठे ते लिहून काढले होते. म्हणून वेदांविषयी तो मोजकेच लिहितो आणि जे लिहितो ते पंडितांच्या नावावर टाकतो. अठरा पुराणांची यादी देऊन, त्यांपैकी मत्स्य, आदित्य आणि वायु यांचे केवळ काही भाग पाहिल्याचे सांगतो. बौद्धांचा तर एकही ग्रंथ त्याला मिळाला नाही, की बौद्ध भेटला नाही. हेही त्याने लपवले नाही. न वाचलेल्या पानांचा असा हिशेब देणारे टीकाकार आजही विरळाच!

तो निर्दोष मात्र नव्हता. हिंदू लोक गर्विष्ठ आहेत, हा त्याचा शेरा सरसकट आहे. शिवाय त्याने पाहिला तो पंडितांचा धर्म. वैश्य आणि शूद्र यांना वेद ऐकण्याचीही मनाई, म्हटल्यास जीभ छाटण्याची शिक्षा, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. म्हणजे आपला पवित्र ग्रंथ न वाचता, न ऐकता जगणारे या धर्मातच लाखो होते. त्यांचा धर्म कशावर उभा होता, याची चौकशी त्याने फारशी केली नाही. मूर्तिपूजा अडाण्यांसाठी, एवढ्यावर त्याने तो विषय मिटवला.

१८८८ साली झाखाऊने त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. तेव्हापासून वादात दोन उतारे हटकून येतात. महमुदाच्या स्वाऱ्यांनी देश उद्ध्वस्त झाला, हा एका पक्षाचा. हिंदूंच्या गर्वाचा दुसऱ्या पक्षाचा. हे दोन्ही उतारे पहिल्याच प्रकरणातले आहेत. मोक्ष, पुनर्जन्म, लिपी, वजनेमापे, नद्या, ग्रहणे आणि व्रते ही पुढच्या ७९ प्रकरणांत आहेत.