अँटोन श्टाडलर
अँटोन पाउल श्टाडलर (२८ जून, १७५३; ब्रुक आन डेर लाइटा, ऑस्ट्रिया – १५ जून, १८१२; व्हिएन्ना, ऑस्ट्रिया) हे ऑस्ट्रियन क्लॅरिनेट व बॅसेट हॉर्न वादक होते. वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट यांनी क्लॅरिनेट पंचक (१७८९) व क्लॅरिनेट कॉन्चेर्तो (१७९१) या रचना त्यांच्यासाठी लिहिल्या. या दोन्ही रचना बॅसेट क्लॅरिनेट या वाद्यासाठी होत्या.

जीवन
श्टाडलर यांचे वडील संगीतकार होते व पादत्राणे बनवण्याचा व्यवसायही करीत. अँटोन लहान असतानाच कुटुंब व्हिएन्नात स्थायिक झाले. धाकटे बंधू योहान हेही क्लॅरिनेटवादक होते. १७७३ साली या दोघांनी व्हिएन्नात जाहीर वादन केले. पुढे सम्राट दुसरा योसेफ याच्या सुषिर वाद्यवृंदात आणि १७८७ पासून दरबारी वाद्यवृंदात त्यांची नेमणूक झाली. बंधूंमध्ये योहान बहुधा वरच्या स्वरांचा भाग वाजवीत, तर अँटोन यांना खालच्या स्वरांची ओढ होती.

बॅसेट क्लॅरिनेट
खर्जातील स्वरांच्या या आवडीतून नवे वाद्य घडले. सामान्य क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा लिखित स्वर 'ई' असतो. वाद्याची नळी लांबवून व जादा चाव्या बसवून ही मर्यादा चार अर्धस्वरांनी खाली, 'सी' पर्यंत नेण्यात आली. या कामात व्हिएन्नाचे दरबारी वाद्यनिर्माते थेओडोर लोत्स यांचा सहभाग होता. श्टाडलर यांनी १७८८ साली हे वाद्य व्हिएन्नात श्रोत्यांपुढे वाजवले. त्या काळी त्याला 'बास क्लॅरिनेट' म्हणत. 'बॅसेट क्लॅरिनेट' हे नाव विसाव्या शतकात रूढ झाले.

मोझार्ट यांच्याशी संबंध
मोझार्ट व श्टाडलर हे स्नेही होते आणि दोघेही फ्रीमेसन संघटनेचे सदस्य होते. क्लॅरिनेट पंचकाचे पहिले वादन २२ डिसेंबर, १७८९ रोजी व्हिएन्नात झाले. ६ सप्टेंबर, १७९१ रोजी प्रागमध्ये 'ला क्लेमेन्त्सा दी तितो' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. त्यातील सेक्स्तुसच्या गीताला बॅसेट क्लॅरिनेटची व वितेलियाच्या गीताला बॅसेट हॉर्नची साथ श्टाडलर यांनी केली. त्यानंतर काही आठवड्यांतच मोझार्ट यांनी कॉन्चेर्तो पूर्ण केला. त्याचे पहिले वादन १६ ऑक्टोबर, १७९१ रोजी प्रागमध्ये झाले असे मानले जाते. ५ डिसेंबर रोजी मोझार्ट यांचे निधन झाले. त्यांच्या मालमत्तेच्या यादीत श्टाडलर यांच्याकडून ५०० गुल्डन येणे असल्याची नोंद आहे.

हरवलेले हस्तलिखित
१७९१ ते १७९६ या काळात श्टाडलर यांनी युरोपचा दौरा केला. मोझार्ट यांची हस्तलिखिते असलेली आपली पेटी जर्मनीत चोरीस गेली, असे ते सांगत. मोझार्ट यांच्या पत्नी कोन्स्टान्त्स यांनी १८०० साली प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात हे नमूद करून, ती पेटी ७३ डुकाटना गहाण ठेवल्याचे इतरांकडून ऐकल्याचेही कळवले. खरे काय घडले, याचा उलगडा झालेला नाही. १८०१ साली कॉन्चेर्तो प्रकाशित झाला तो सामान्य क्लॅरिनेटवर वाजेल अशा बदललेल्या रूपात. खालचे स्वर वरच्या सप्तकात नेल्याने काही स्वरावली मध्येच दिशा बदलतात. १८०२ सालच्या एका जर्मन परीक्षणात हा फरक नोंदवलेला आहे.

उत्तरायुष्य
१७९९ साली श्टाडलर दरबारी सेवेतून निवृत्त झाले. १८०० साली त्यांनी हंगेरीतील काउंट गेओर्ग फेस्टेटिक्स यांच्यासाठी संगीतशाळेचा विस्तृत आराखडा लिहिला. १८१२ साली व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर हे वाद्य जवळजवळ विस्मरणात गेले आणि दीडशे वर्षे कॉन्चेर्तो बदललेल्या रूपातच वाजवला जात राहिला.

वारसा
विसाव्या शतकाच्या मध्यास चेक संशोधक यिर्झी क्राटोखव्हिल यांनी या वाद्याकडे लक्ष वेधले आणि १९५१ साली प्रागमध्ये कॉन्चेर्तो पुन्हा बॅसेट क्लॅरिनेटवर वाजवण्यात आला. मूळ स्वर शोधण्यासाठी १८०२ चे परीक्षण आणि मोझार्ट यांचा १९९ मात्राखंडांचा, बॅसेट हॉर्नसाठीचा अपूर्ण खर्डा उपयोगी पडला. १९९२ साली रीगा येथे श्टाडलर यांच्या १७९४ सालच्या मैफलींची पत्रके सापडली. त्यांवरील चित्रामुळे टोकाशी वळलेले व गोलाकार मुख असलेले वाद्याचे मूळ रूप समजले.

आज अनेक निर्माते बॅसेट क्लॅरिनेट बनवतात. काही वादक आपल्या नेहमीच्या क्लॅरिनेटला लांब खालचा भाग जोडतात. मात्र या वाद्यासाठीच्या रचना थोड्या असल्यामुळे ते वाद्यवृंदाच्या नित्य वाद्यांत मोडत नाही. कॉन्चेर्तोसाठी एकल वादक बहुधा स्वतःचेच वाद्य आणतो. 'तितो'च्या प्रयोगासाठी ते मुद्दाम उपलब्ध करावे लागते. अन्यथा साध्या क्लॅरिनेटवर बदललेले स्वर वाजवले जातात. श्टाडलर यांच्या हातचे एकही बॅसेट क्लॅरिनेट आज ज्ञात नाही.