संत जॉन बॅप्टिस्ट स्कालाब्रिनी : परदेशगामी गरिबांचे कैवारी

जुबिलीच्या या मंगलप्रसंगी आम्ही ज्या सत्पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते फार दूरच्या देशीचे. तथापि पोटासाठी घरदार सोडून परमुलखात जाणारी माणसे ज्या ज्या गावी आहेत, त्या त्या गावाने त्यांचे स्मरण ठेवावे, असे आम्हांस वाटते.

स्कालाब्रिनी यांचा जन्म ८ जुलै १८३९ रोजी इटलीतील कोमो शहराजवळ फिनो मोर्नास्को या गावी झाला. १८६३ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली व १८७६ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, ते पियाचेन्झाचे बिशप झाले. आपल्या धर्मप्रांतातील ३६५ धर्मग्रामांस त्यांनी पाच वेळा भेटी दिल्या. १८७९-८० च्या दुष्काळात स्वतःचे घोडे विकून त्यांनी भुकेलेल्यांस अन्न दिले.

या फिरतीत त्यांस दिसले की, किती तरी कुटुंबे गाव सोडून चालली आहेत. पुढे मिलान स्टेशनावर अमेरिकेस निघालेल्या शेकडो दरिद्री माणसांचा जमाव पाहून त्यांचे अंतःकरण कळवळले. यांतील अनेकांस अक्षरओळख नव्हती. दलालाने पुढे केलेल्या कागदावर ते मुकाट्याने फुलीची खूण करीत. अशांस नुसती भिक्षा देऊन भागत नाही, त्यांच्या बाजूने कायदा जाणणारा कोणी उभा राहिला पाहिजे, हे बिशपांनी ओळखले.

परमगुरू तेरावे लिओ यांच्या संमतीने २८ नोव्हेंबर १८८७ रोजी त्यांनी मिशनरी संघ स्थापिला. १८८९ साली प्रापंचिकांची संत राफाएल संस्था निघाली. कायद्याचा सल्ला, औषधपाणी व धर्मसेवा गरिबांस मिळावी, हा तिचा हेतू. जेनोवा बंदरात फादर माल्दोत्ती लुबाडणाऱ्या दलालांशी झगडले. न्यू यॉर्क बंदरात १८९१ पासून फादर बांदिनी नवागतांचे साह्यकर्ते झाले.

परंतु १८८८ च्या कायद्याने दलालांस परवाने देऊन माणसे गोळा करण्याची मोकळीक ठेविली होती. पोप व इटलीचे सरकार यांच्यात १८७० पासून वितुष्ट होते. तरीही बिशपांनी शहरोशहरी व्याख्याने दिली, मंत्र्यांची मने वळविली. अनेकांच्या खटपटीस यश येऊन ३१ जानेवारी १९०१ रोजी नवा कायदा झाला. दलालांचा धंदा बंद पडला, जबाबदारी परवानाधारक आगबोट कंपन्यांवर आली व प्रवाशांच्या तक्रारींसाठी लवाद मंडळे नेमली गेली.

आपली लेकरे कशी आहेत हे पाहण्यास ते १९०१ साली संयुक्त संस्थानांत व १९०४ साली ब्राझीलमध्ये गेले. १ जून १९०५ रोजी त्यांनी देह ठेविला. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी परमगुरू फ्रान्सिस यांनी त्यांस संतपद दिले.

आजही परदेशी नोकरीस निघालेल्या तरुणाच्या हाती न समजणारा करारनामा पडतो. आपल्यांत जे कायदा शिकले आहेत, त्यांनी तो विनामोबदला वाचून त्यास उलगडून सांगावा. हीही प्रभूची सेवाच होय. तेवढी सद्बुद्धी या संताच्या मध्यस्थीने आम्हां सर्वांस लाभो.